ब्राउझर सारखा कोसळतोय आणि दर वेळी एरर वेगळाच!

टिटवी

मंडळी, दोन आठवडे झाले, अगदी रडकुंडीला आले आहे. विंडोज ११ असलेला डेस्कटॉप, तीन वर्षांचा. माझं काम भाषांतराचं, त्यामुळे दिवसभर वीसेक टॅब उघडे असतात. मध्येच एखादा टॅब पांढरा पडतो आणि त्यावर 'स्टेटस ॲक्सेस व्हायोलेशन' असं येतं. रिलोड केलं की चालू. तासाभराने दुसरा टॅब जातो, आता म्हणतो 'स्टेटस ब्रेकपॉइंट'. परवा 'आउट ऑफ मेमरी' आलं, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये निम्मी रॅम मोकळी दिसत होती! आणि दोनदा तर काहीच न सांगता अख्खी खिडकीच गायब झाली. त्यातल्या एका वेळी तासाभराचं टाइप केलेलं गेलं.

आजवर केलेले उद्योग: कॅशे आणि कुकीज साफ केल्या. सगळी एक्स्टेन्शन्स काढली. नवीन प्रोफाइल बनवून पाहिलं. ब्राउझर काढून परत टाकला, तीनदा. शेवटी वैतागून दुसऱ्या कंपनीचा ब्राउझर घेतला, तर तोही 'हा टॅब क्रॅश झाला' म्हणून माफी मागतोय. व्हायरस स्कॅन स्वच्छ.

प्रश्न असा की यातल्या नेमक्या कुठल्या एररच्या मागे लागू? प्रत्येकाचं नाव टाकून शोधलं की प्रत्येकाचे दहा उपाय सापडतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

खोडरबर

फॉरमॅट मारा. विषय संपला.

मुंगळा

खोडरबर, तुमचं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आधी पाहू तरी काय जळतंय ते.

टिटवी, सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' खाली हार्डवेअर ॲक्सेलरेशन असेल, ते बंद करून ब्राउझर परत चालू करा. पान रंगवायचं काम ब्राउझर ग्राफिक्स कार्डाकडे देतो, आणि त्याचा ड्रायव्हर (म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडलेला असला की असले प्रकार होतात. मी स्वतः भोगलंय. व्हिडिओ लावला की काळी पट्टी यायची आणि मग धाडकन सगळं बंद. ड्रायव्हर नवा टाकला आणि थांबलं.

रातकिडा

मुंगळा म्हणतात ते करून बघायला हरकत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पण दोन वेगवेगळे ब्राउझर आणि तीन वेगवेगळे एरर, हे वाचून मला निराळाच वास येतोय. जरा सविस्तर लिहितो.

आधी टॅबच का जातो आणि ब्राउझर का वाचतो ते. पूर्वी सगळा ब्राउझर ही एकच प्रोसेस, म्हणजे मशीनवर चालणारं एकच काम, असायची, एका पानाने मान टाकली की सगळंच आडवं. क्रोम २००८ मध्ये आला तोच प्रत्येक टॅबला वेगळी प्रोसेस द्यायची कल्पना घेऊन. फायरफॉक्सने ती वाट २०१६ मध्ये ४८व्या आवृत्तीपासून धरली. त्यामुळे आता एक खोली कोसळते, घर उभं राहतं. घरच गेलं, म्हणजे तुमची अख्खी खिडकी गायब झाली, तर समजायचं की मुख्य प्रोसेस मेली. ती मेल्यावर निरोप द्यायलाही कोणी उरत नाही, म्हणून एररसुद्धा दिसत नाही.

आता तुमचे तीन निरोप.

'ॲक्सेस व्हायोलेशन' म्हणजे विंडोजचा सी००००००५ हा कोड. प्रोग्रॅमने मेमरीतल्या अशा पत्त्यावर हात घातला जो त्याचा नाही, म्हणून विंडोजने त्याला तिथेच संपवलं. पत्ता चुकला एवढंच यातून कळतं. तो कोणी चुकवला ते कळत नाही.

'ब्रेकपॉइंट' म्हणजे ८००००००३. इथे बहुतेक वेळा ब्राउझरने स्वतःहून जीव दिलेला असतो. आतमध्ये जागोजागी 'हे असंच असायला हवं' अशा तपासण्या असतात. एखादी फसली की चुकीच्या माहितीवर पुढे जाण्यापेक्षा तो जागच्या जागी थांबतो.

'आउट ऑफ मेमरी' सर्वांत फसवा. विंडोजमध्ये मोकळी रॅम हा एकमेव हिशेब नसतो. रॅम आणि पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा) मिळून एक मर्यादा असते, आणि प्रोग्रॅमांनी मागून ठेवलेली जागा, वापरली असो वा नसो, त्या मर्यादेतून वजा होते. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'कमिटेड' म्हणून दोन आकडे असतात, ते बघा. पहिला दुसऱ्याला टेकलेला असेल तर रॅम मोकळी दिसूनही हा एरर येऊ शकतो. पेजफाइल कोणाच्या सल्ल्याने बंद केली असेल तर आधी चालू करा.

पण मूळ मुद्दा हा की एररचं नाव म्हणजे निदान नव्हे. मी नाव बघतच नाही, सातत्य बघतो. तोच एरर, तीच जागा, तीच कृती केल्यावर, असं असेल तर दोष सॉफ्टवेअरमध्ये. एखादं एक्स्टेन्शन, ड्रायव्हर, किंवा ब्राउझरमधलाच बग. सॉफ्टवेअर चुकतं तेव्हा ते इमानदारीने रोज तिथेच चुकतं. दर वेळी जागा वेगळी, एरर वेगळा, वेळ वेगळी, तर माझी नजर खाली हार्डवेअरकडे जाते.

तर एक काम करा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं रोमनमध्ये टाइप केलं की विश्वासार्हतेचा इतिहास उघडतो, तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतील. प्रत्येकीच्या तपशिलात 'फॉल्टिंग मॉड्यूल' (प्रोग्रॅम ज्या फाइलच्या कोडमध्ये मेला ती) असेल तर ते नाव आणि एक्सेप्शन कोड कागदावर उतरवा. फक्त ब्राउझरचेच नाही, जे जे कोसळलंय त्या सगळ्यांचे.

वाटसरू

रातकिड्यांच्या 'रोज तिथेच चुकतं' याला माझं अनुमोदन, पुराव्यासह. आमच्याकडे ऑफिसच्या सगळ्या मशीनवर एक सुरक्षा सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. एका सकाळी ब्राउझर अपडेट झाला आणि झाडून सगळ्यांचे टॅब उघडताक्षणी पडायला लागले. कोरा टॅबसुद्धा. सेटिंग्जचं पानसुद्धा! ते पान उघडत नाही म्हटल्यावर सेटिंग बदलणार कुठून, सांगा.

कारण असं निघालं की ही सुरक्षा सॉफ्टवेअर ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये आपली डीएलएल (म्हणजे प्रोग्रॅम वापरतात ती कोडची फाइल) घुसवतात, आणि ब्राउझरवाल्यांनी आता बाहेरच्या फायलींना आत घ्यायचंच बंद केलं होतं. २०१९ मध्ये क्रोमच्या ७८व्या आवृत्तीच्या वेळीही नेमकं हेच झालं होतं, काही सुरक्षा सॉफ्टवेअरांशी तिचं जमलं नाही आणि लोकांचे सगळे टॅब पडू लागले. अशा वेळी एरर बहुधा 'इनव्हॅलिड इमेज हॅश' असा येतो, म्हणजे सी००००४२८. 'इमेज' म्हटल्यावर आम्ही चित्रं बंद करून बघितली होती, हसू नका. इमेज म्हणजे इथे प्रोग्रॅमची फाइल.

फायरफॉक्स असेल तर पत्त्याच्या जागी 'अबाउट:थर्ड-पार्टी' टाका (रोमनमध्ये, अर्थात). आत कोण कोण घुसलंय त्याची यादीच मिळते. क्रोममध्ये 'क्रोम:// कॉन्फ्लिक्ट्स', मध्ये मोकळी जागा न ठेवता.

शेवंती

माझंही असंच होतंय म्हणून इथेच विचारते, राग मानू नका. माझ्याकडे ब्राउझर अडकतो आणि मोठ्या अक्षरात येतं की ब्राउझरमध्ये बिघाड आहे, दुरुस्तीसाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. मी अजून केलं नाहीये, आज संध्याकाळी मुलाला विचारून करणार होते. करू का?

रातकिडा

शेवंतीताई, करू नका! बरं झालं विचारलंत.

तो एरर नाहीच, ते फसवणुकीचं पान आहे. त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. विंडोज-आर दाबलं की 'रन'ची खिडकी उघडते, कंट्रोल-व्हीने ती आज्ञा तिथे चिकटते आणि एंटरने ती चालते. म्हणजे चोराने किल्ली तुमच्याच हातून फिरवून घेतली. या प्रकाराला 'क्लिकफिक्स' म्हणतात, २०२४ पासून फार बोकाळलाय. कधी तो 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशा वेषात येतो, कधी असा ब्राउझर दुरुस्तीच्या.

ओळखायची खूण सोपी आहे. खरा क्रॅश झाल्यावर ब्राउझर फार तर 'रिलोड करा' म्हणतो. तो कधीही तुम्हाला काही चिकटवायला सांगत नाही, आणि फोन नंबर तर देतच नाही.

आता कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा, परत उघडताना जुने टॅब आणू नका. मग एक्स्टेन्शन्सची यादी बघा, न ओळखीचं दिसेल ते काढा. साइटना दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानग्याही तपासा, अशी पानं बरेचदा तिथूनच येतात.

शेवंती

अरे बापरे. हात थरथरला वाचून. एक एक्स्टेन्शन निघालं, पीडीएफ जोडण्याचं काहीतरी, मी कधी घेतलं आठवतही नाही. काढलं. आभारी आहे.

टिटवी

उशीर झाला, क्षमस्व. हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून दोन दिवस चालवलं. मुंगळा, फरक नाही, काल चार वेळा पडला. 'कमिटेड' बघितलं, अर्ध्यावरही नाही. पेजफाइल चालूच आहे.

इतिहासातून गेल्या दोन आठवड्यांची यादी केली. ब्राउझरचे नऊ अपघात, त्यात पाच वेगवेगळी मॉड्यूल्स. कधी ब्राउझरची स्वतःची डीएलएल, कधी एनटीडीएलएल, एकदा ग्राफिक्सची. कोड बहुतेक सी००००००५, दोनदा ८००००००३, एकदा ई००००००८. आणि मला माहीतच नव्हतं, पण त्याच काळात माझं शब्दकोशाचं सॉफ्टवेअर दोनदा पडलंय आणि फाइल एक्स्प्लोरर एकदा.

अजून एक आठवलं. गेल्या आठवड्यात एक मोठी झिप फाइल उलगडताना 'सीआरसी जुळत नाही' आलं, म्हणजे फाइल शाबूत आहे का याची तपासणी फसली. परत उतरवली, परत तेच. तिसऱ्यांदा त्याच फाइलवर प्रयत्न केला तर व्यवस्थित उघडली! तेव्हा सोडून दिलं होतं.

मुंगळा

ग्राफिक्सची डीएलएल आहे ना यादीत? मग मी म्हणतो तेच. ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाका.

रातकिडा

मुंगळा, नऊ अपघातांत एकदा ग्राफिक्स, आणि ॲक्सेलरेशन बंद असतानाही चार क्रॅश. ज्या मॉड्यूलमध्ये प्रोग्रॅम मेला तेच मॉड्यूल गुन्हेगार, असं धरून चालत नाही. प्रेत जिथे सापडलं तिथलाच माणूस खुनी म्हणून पकडायचा का? एनटीडीएलएल तर बिचारी कायम बदनाम होते. ती विंडोजची मूळ डीएलएल, प्रत्येक प्रोग्रॅमला तिच्या दारातून जावं लागतं.

(ई००००००८ हा क्रोमच्या घराण्यातल्या ब्राउझरांचा स्वतःचा कोड आहे, मेमरी मागितली आणि मिळाली नाही असा. टिटवी, तुमचा 'आउट ऑफ मेमरी' तोच.)

मला खरं सांगून गेली ती झिप. तीच फाइल, तेच मशीन, एकदा बिघडलेली आणि एकदा चांगली. डिस्कवरची फाइल आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणजे वाचताना किंवा हिशेब करताना मधेच काहीतरी बदलत होतं. माझा पहिला संशय रॅमवर, दुसरा प्रोसेसरवर.

प्रोसेसर कुठला आहे? इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर व्हायचे. कंपनीने ते मान्य करून ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. त्यातला असेल तर मदरबोर्डचं बायोस (मशीन चालू होताच विंडोजच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करा.

आणि गेल्या काही महिन्यांत डबा उघडून आत काही घातलंय का?

टिटवी

प्रोसेसर रायझन आहे, तेव्हा ते नसावं.

डबा... हो. महिन्याभरापूर्वी ८ जीबीची अजून एक रॅम लावली. आधीची ८ होती, आता १६. पण पहिले दोन आठवडे सगळं छान चाललं होतं हो, म्हणून त्याच्याशी संबंध लावलाच नाही.

विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक असतं ना, ते आत्ताच चालवलं. 'कोणताही दोष आढळला नाही.' आता?

खोडरबर

आता फॉरमॅट. :)

रातकिडा

खोडरबर, थांबा हो जरा.

टिटवी, ते डायग्नोस्टिक नेहमीच्या पातळीवर थोडाच वेळ चालतं. त्याने दोष दाखवला तर दोष आहे. नाही दाखवला तर काहीच सिद्ध होत नाही. चाचणी चालू असताना एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडता येतं, पण मी सरळ मेमटेस्ट८६+ सांगेन. मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, २०२२ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून नव्या यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) मशीनवरही चालतं. पेनड्राइव्हवर टाकायचं, त्यावरून मशीन चालू करायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. विंडोज चालूच नसल्यामुळे ते जवळजवळ सगळी रॅम तपासू शकतं.

सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून मशीन चालू होऊ न देणारी सोय) आडवं आलं तर तेवढ्यापुरतं बंद करा. पण त्याआधी, हे महत्त्वाचं, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. नाहीतर ब्राउझर राहिला बाजूला आणि मशीनच उघडेना अशी गत व्हायची.

एकही लाल ओळ आली तरी नापास. रॅमच्या परीक्षेत ३५ टक्क्यांना पास करत नाहीत.

वाटसरू

एक बाळबोध शंका. रॅम खराब असेल तर सगळंच बंद पडायला हवं ना? ब्राउझरच का मेला सर्वांत जास्त?

रातकिडा

बाळबोध अजिबात नाही. चूक कुठे पडली त्यावर सगळं आहे. फोटोतल्या एका ठिपक्यात एक बिट (मेमरीतलं एक शून्य किंवा एक) उलटलं तर रंगाची छटा किंचित बदलेल, तुम्हाला जन्मात कळणार नाही. गाण्यात पडलं तर ऐकूही येणार नाही. पण तेच बिट एखाद्या पत्त्यात उलटलं की प्रोग्रॅम भलत्याच गावी पोचतो, तो झाला ॲक्सेस व्हायोलेशन. 'मला इतकी जागा हवी' या आकड्यातलं वरचं बिट उलटलं की मागणी एकदम अवाढव्य होते आणि 'आउट ऑफ मेमरी' येतं. तपासणीच्या वेळी उलटलेलं सापडलं की ब्रेकपॉइंट. टिटवींचे तीन एरर ही एकाच रोगाची तीन लक्षणं असू शकतात, ती अशी.

आणि ब्राउझर दिवसभर उघडा असतो, सर्वांत जास्त मेमरी खातो, आणि त्यातला मोठा हिस्सा एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या पत्त्यांचाच असतो. त्यामुळे ठेच लागली की बहुतेक त्यालाच लागते.

टिटवी

रात्री लावून झोपले. सकाळी पडदा लाल. सदतीस चुका.

हवं होतं ते आणि मिळालेलं, असे दोन आकडे शेजारी दाखवतो तो. हवं होतं ०००००००० आणि मिळालं ००००४०००. जवळजवळ प्रत्येक ओळीत तेवढा एकच आकडा वेगळा. रातकिडा म्हणतात ते उलटलेलं बिट हेच ना? बघून अंगावर काटा आला, खरंच.

नवी रॅम बदलून मागते आता.

रातकिडा

हेच ते. पण बदलून मागायच्या आधी एक रात्र अजून द्या. एकेक पट्टी एकटी लावून तपासा, दोन्ही वेळा एकाच खाचेत. नवीच खराब असेल असं नाही, आणि पट्टीच खराब असेल असंही नाही. खाच असू शकते. बसवताना नीट बसली नसेल तर काढून परत दाबून बसवल्यानेही काम होतं. मशीनची वायर काढून, पॉवरचं बटण एकदा दाबून मगच हात घाला.

आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू आहे का बघा. रॅमच्या खोक्यावरचा वेग हा बऱ्याचदा एक्सएमपीचा वेग असतो, म्हणजे ठरलेल्या मानकाच्या वर ताणलेला. एक पट्टी तो ताण सोसते. दोन निरनिराळ्या पट्ट्या एकत्र बांधल्या की सोसतीलच असं नाही.

मुंगळा

एक्सएमपीचं मला माहीत नव्हतं. मी खोक्यावरचा आकडा म्हणजे तिचा जन्मजात वेग समजत होतो. माझंही बघायला हवं.

टिटवी

चार रात्री घालवल्या, म्हणून आज लिहितेय.

जुनी एकटी: शून्य चुका. नवी एकटी, त्याच खाचेत: शून्य. दोन्ही एकत्र: पुन्हा लाल, या वेळी बावीस. डोक्याला हात लावला. मग बायोसमध्ये गेले. एक्सएमपी चालू होतं, ३२००वर. बंद केलं, आता दोघी २६६६वर चालतात. रात्रभर चाचणी, शून्य. खात्रीसाठी दुसऱ्या रात्रीही, शून्य.

नीट बघितलं तर दोन्ही पट्ट्यांवर ३२०० लिहिलंय, पण त्यापुढचे टायमिंगचे आकडे वेगळे आहेत. मी विकत घेताना फक्त ३२०० जुळवलं होतं. दोघींची एकटीने काही तक्रार नाही, जोडीने नांदायला तयार नाहीत!

वेग कमी झाल्याचं मला तरी जाणवत नाही. भाषांतर काही २६६६ने अडत नाही.

खोडरबर

एक प्रामाणिक प्रश्न, या वेळी विनोद नाही. समजा त्यांनी माझं ऐकून पहिल्याच दिवशी फॉरमॅट मारला असता तर?

रातकिडा

तर विंडोजच्या फायली त्याच लंगड्या रॅममधून जाऊन डिस्कवर बसल्या असत्या. नशीब चांगलं असतं तर इन्स्टॉल मधेच फसलं असतं. वाईट असतं तर पूर्ण झालं असतं.

टिटवी, त्यावरून आठवलं. मधल्या महिन्यात जे जे सेव्ह केलंत, कॉपी केलंत, तेही त्याच रॅममधून गेलंय. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएफसी /स्कॅननाऊ' चालवा, म्हणजे विंडोजच्या फायली तपासल्या जातील. तुमच्या स्वतःच्या फायली मात्र तुम्हालाच बघाव्या लागतील. आणि या महिन्यातला बॅकअप जुन्या बॅकअपवर चढवू नका, दोन्ही वेगळे ठेवा.

टिटवी

स्कॅननाऊने काही फायली दुरुस्त केल्याचं सांगितलं. ब्राउझर मात्र नऊ दिवस उभा आहे, तीस टॅबसकट, एकही क्रॅश नाही.

माझ्या फायली चाळतेय. आत्तापर्यंत दोन उघडत नाहीत, दोन्ही गेल्या पंधरवड्यात कॉपी केलेल्या. एकीची मूळ प्रत मेलमध्ये सापडली. दुसरी एका जुन्या ग्राहकाची शब्दसूची होती, सहाशे नोंदींची. तिची मागच्या महिन्याची आवृत्ती जुन्या बॅकअपमध्ये आहे, चाळीसेक नोंदी परत भराव्या लागतील. बसते आता.